मुलगी नर्सिंगला घातली, पण तिला विचारायला कोण शिकवणार?

  हातातलं काम चालू ठेवा, कोणी भाजी निवडत असेल तर निवडा, नुसता कान इकडे द्या.

आम्ही चौघी सिस्टर आहोत. एक जण ए.एन.एम. होऊन वर्षानुवर्षं उपकेंद्रावर राहिली. दोघी जी.एन.एम. करून ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या दवाखान्यांत वॉर्ड सांभाळत आल्या. एकीने बी.एस्सी. नर्सिंग केलं आणि आता ती मुलींना शिकवते. म्हणजे नर्सिंगच्या तीन वाटा आमच्यातच आहेत, आणि कोणती वाट चांगली यावर चहा पिताना आमची भांडणंही होतात. आज तेच भांडण तुमच्यासमोर मांडायचं ठरवलं.

बारावीचा निकाल लागला की आम्हाला गावाकडून फोन सुरू होतात. ‘ताई, पोरीला नर्सिंगला घालायचीय. कोणता कोर्स चांगला? फी किती? नोकरी लागेल ना?’ हे प्रश्न रास्तच आहेत. कर्ज काढून, गटातून उचल घेऊन, कधी गळ्यातलं गहाण ठेवून तुम्ही फी भरता. पण एक प्रश्न आम्हाला आजवर कोणी विचारलेला नाही. ‘तिथे माझ्या मुलीला विचार करायला शिकवतात का?’

विचार करायला काय शिकवायचं, असं वाटेल. तर बघा, दुकानातून तांदूळ आणला की आपण तो तसाच पातेल्यात ओततो का? सुपात घेतो, पाखडतो, खडा दिसला की बाजूला काढतो. पिशवीवर ‘स्वच्छ निवडलेला’ असं छापलेलं असलं तरी आपण एकदा हात फिरवतोच. पुस्तकात याला चिकित्सक विचार म्हणतात. समोर आलेली माहिती पाखडून घ्यायची. कागदावर काय लिहिलंय, माणसाकडे बघून काय दिसतंय, दोन्हींचा मेळ बसतो का, आणि बसत नसेल तर का बसत नाही, हे विचारायचं. नर्सच्या हातात सुपाऐवजी रुग्णाचा कागद असतो आणि खडा राहून गेला तर माणसाच्या जिवावर बेततं.

आधी कोर्सचं थोडक्यात सांगतो. ए.एन.एम. दोन वर्षांचा. बारावी कोणत्याही शाखेतून झालेली चालते. यात गावातलं आरोग्य, बाळंतपण, लसीकरण, लहान मुलांची काळजी यांवर भर असतो. जी.एन.एम. तीन वर्षांचा, त्यात मोठ्या दवाखान्यातली सगळी कामं येतात. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा, बारावी विज्ञान लागते, आणि पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची मिळते. त्यात शरीरशास्त्र, औषधशास्त्र खोलात असतं आणि संशोधन, संख्याशास्त्र असेही विषय असतात. जी.एन.एम. झालेल्या मुलीला पुढे दोन वर्षांचा पोस्ट बेसिक कोर्स करून बी.एस्सी. होता येतं. ही वाट फार बायांना माहीत नसते, ती लक्षात ठेवा. प्रवेशाचे आणि सीईटीचे नियम बदलत राहतात, म्हणून त्या-त्या वर्षीची माहितीपत्रिका बघूनच पुढे जायचं.

आता मूळ मुद्द्यावर येऊ.

एका दवाखान्यातली गोष्ट. पहाटे सहाच्या सुमाराला शिकाऊ मुलींनी सगळ्या रुग्णांचा ताप, नाडी आणि श्वास मोजून तक्त्यावर लिहिले होते. तक्ता हातात घेतला तर ताप वेगवेगळे, नाडी वेगवेगळी, पण श्वास मात्र वॉर्डातल्या सगळ्यांचा २०. तरण्या पोराचा २०, दम्याच्या म्हातारीचा २०, काल ऑपरेशन झालेल्या बाईचाही २०. तुम्ही आयुष्यात दोन माणसं तरी अगदी एकसारखा श्वास घेताना पाहिलीत का? पण मोठी माणसं मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतात हे मुलींना पाठ होतं, त्यामुळे २० लिहिलं की कोणी बोलत नाही हेही त्यांना कळलेलं होतं.

मॅडम रागावल्या नाहीत. एकेकीला एकेका खाटेजवळ बसवलं, हातात घड्याळ दिलं आणि सांगितलं, पूर्ण एक मिनिट छातीकडे बघत राहा, रुग्णाला सांगू नका की श्वास मोजतोय, कारण सांगितलं की माणूस श्वास बदलतो. त्या ऑपरेशनच्या बाईचा श्वास भरला ३२. अंगाला ताप बेताचाच, रक्तदाब ठीक, बाई बोलतही होती. पण शरीरात काही बिघडायला लागलं की पुष्कळदा रक्तदाब पडायच्या कितीतरी आधी श्वास वाढतो. डॉक्टरांना बोलावलं, जंतुसंसर्ग वेळेत लक्षात आला.

ही मुलगी कोणत्या कोर्सची होती, हे विचाराल. २० लिहिणाऱ्यांमध्ये डिप्लोमाच्या मुली होत्या आणि पदवीच्याही होत्या. श्वास का मोजतात हे पदवीच्या मुली परीक्षेत दोन पानं भरून लिहितील, आणि तरी त्या पहाटे त्यांनीही मोजला नव्हता.

आता दुसरी गोष्ट. ही आपल्या सगळ्यांच्या घरची आहे. गरोदर बाईला रक्तदाब वाढून आकडी येते, ते तुम्ही ऐकलं असेल, काहींनी पाहिलंही असेल. डोकं खूप दुखतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, तोंड-हात सुजतात, आणि मग झटके. त्यावर मॅगसल्फ नावाचं इंजेक्शन देतात. उपकेंद्रावरच्या ए.एन.एम.नेसुद्धा पहिला डोस देऊन बाईला ताबडतोब मोठ्या दवाखान्यात पाठवावं, असं सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. दवाखान्यात पुढचे डोस दर चार तासांनी चालतात, आणि प्रत्येक डोसच्या आधी तीन गोष्टी तपासायच्या असतात. गुडघ्याखाली हलकेच ठोकल्यावर पाय उडतो का. श्वास मिनिटाला निदान १६ आहे का. आणि गेल्या चार तासांत लघवी पुरेशी झाली का, म्हणजे तासाला ३० मिलीलीटर तरी.

एका मुलीला हे तीन मुद्दे घडाघडा पाठ. तिला विचारलं, अगं, झटक्यांच्या औषधाचा आणि लघवीचा काय संबंध? ती गप्प झाली. मग तिच्या शेजारची, मुरबाडकडची मुलगी हळूच म्हणाली, ‘मॅडम, औषध लघवीतून बाहेर जात असेल. लघवी झाली नाही तर ते आतच साठेल.’ बरोबर! औषध मूत्रपिंडातून बाहेर पडतं. लघवी कमी झाली तर ते अंगात साठतं, आधी गुडघा उडायचा थांबतो आणि शेवटी श्वास थांबतो. म्हणून गुडघा बघायचा. जिला हे कारण कळलं, ती रात्री तीन वाजता डोळ्यांवर झोप असतानाही लघवीची पिशवी बघितल्याशिवाय सुई टोचणार नाही. जिने नुसतं पाठ केलं, ती गर्दीच्या रात्री तीनपैकी एक मुद्दा विसरेल.

ती मुरबाडकडची मुलगी ए.एन.एम.ची होती. आमच्यातली उपकेंद्रावरची ताई हे ऐकून जरा ताठ बसली, ते तुम्हाला रेडिओवर दिसलं नसेल.

तर मग पदवीला काही अर्थच नाही का? तसं नाही, आणि इथेच आमचं भांडण होतं. परदेशात या विषयावर भरपूर संशोधन झालंय. अमेरिकेत कॅलिफोर्नियात तयार झालेल्या प्रश्नपत्रिका आहेत, त्यांनी विद्यार्थिनींचा चिकित्सक विचार मोजतात. डिप्लोमाच्या, पदवीच्या, आधी नोकरी करून मग शिकायला आलेल्या, अशा वेगवेगळ्या मुलींना त्या देऊन पाहिल्या. निकाल सगळीकडे सारखे आले नाहीत. कुठे पदवीच्या मुली पुढे निघाल्या, कुठे पहिल्या वर्षापासून शेवटच्या वर्षापर्यंत काही फरकच पडला नाही.

पण कागदावरची परीक्षा बाजूला ठेवू. रुग्ण वाचतात का ते बघू. युरोपातल्या नऊ देशांत ३०० दवाखाने आणि चार लाखांवर ऑपरेशनचे रुग्ण घेऊन एक मोठा अभ्यास झाला, २०१४ साली तो ‘लॅन्सेट’ या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्यात दिसलं, की दवाखान्यातल्या पदवीधर नर्सचं प्रमाण शेकडा १० ने जास्त असेल, तर रुग्ण महिनाभरात दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी कमी असते. आमची बी.एस्सी. ताई हा आकडा आम्हाला दर चार दिवसांनी ऐकवते. मात्र त्याच अभ्यासातला दुसरा आकडाही आहे. एका नर्सकडे सांभाळायला एक रुग्ण जास्त दिला, की दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. म्हणजे पदवीने जे कमावलं ते गर्दीने घालवलं. हा दुसरा आकडा मात्र ती जरा हळू आवाजात सांगते.

आपल्याकडची गर्दी काय सांगावी? भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण आहे, की मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात साध्या वॉर्डात तीन रुग्णांमागे एक नर्स आणि इतर दवाखान्यांत पाच रुग्णांमागे एक नर्स असावी. तुम्ही कळव्याला, उल्हासनगरला किंवा कल्याणच्या रुक्मिणीबाईला कोणाला भरती करून बसला असाल, तर किती रुग्णांत किती सिस्टर फिरत होत्या ते आठवून बघा. २०२३ च्या ऑगस्टमध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्ण दगावले, सरकारने चौकशी समिती नेमली, आणि तिथल्या गर्दीचा विषय सगळ्या वर्तमानपत्रांत आला. त्या मृत्यूंचं कारण आम्ही इथे बसून सांगणार नाही, तो आमचा अधिकार नाही. एवढंच म्हणतो, की जिच्या वाट्याला तीसेक रुग्ण आहेत, तिला थांबून विचार करायचा तर कुठल्या मिनिटात करायचा? शिकाऊ मुली अशाच वॉर्डांत शिकतात. मोठ्या सिस्टर धावताना दिसतात, त्यामुळे धावणं म्हणजेच काम, अशी त्यांची समजूत होते.

आणि उपकेंद्राचं उलटं आहे. तिथे गर्दी कमी, पण बाई एकटी. सपाट भागात पाच हजार लोकांमागे एक उपकेंद्र, आदिवासी आणि डोंगराळ भागात तीन हजारांमागे एक. शहापूरच्या वरच्या पाड्यांवर रात्री बाळंतिणीचं रक्त थांबत नसेल, तर जवळ डॉक्टर नाही, सल्ला द्यायला सीनिअर नाही, कधी फोनला रेंज नाही. कोणाला पाठवायचं, कोणाला ठेवायचं, १०८ ची वाट बघायची की जीप करायची, हे सगळं तिने एकटीने ठरवायचं. आता गंमत बघा. चार वर्षं शिकलेल्या मुलीच्या आजूबाजूला विचारायला डॉक्टर, सीनिअर, मशीन सगळं असतं. आणि जिला सगळं एकटीने ठरवायचं, तिला आपण सगळ्यात कमी, दोन वर्षं शिकवतो. विचार करायचं शिक्षण सगळ्यात जास्त कोणाला हवं होतं? ए.एन.एम.ला. आमच्या चौघींचं ज्या एका गोष्टीवर भांडण होत नाही, ती ही.

आता मुली विचारत का नाहीत, त्याकडे वळू. आमच्या मते पहिलं कारण भाषा. कसाऱ्याहून, वांगणीहून, टिटवाळ्याहून पहाटेची लोकल पकडून या मुली येतात. बहुतेकींची शाळा जिल्हा परिषदेची, मराठी माध्यमाची. पुस्तकं सगळी इंग्रजी. वाक्य कळत नाही म्हणून ती पाठ करतात, आणि पाठ केलेल्या वाक्याला ‘का’ विचारता येत नाही, कारण ते वाक्य आपलं नसतंच. शिक्षिकेने इंग्रजीत प्रश्न विचारला की या मुली खाली बघतात. लोक म्हणतात, खेड्यातल्या मुली मठ्ठ. त्याच मुलीला मराठीत विचारा, ‘तुला खाटेवर काय दिसलं ते आधी सांग.’ मग ती सांगायला लागते. रुग्णाचे ओठ कोरडे होते, सकाळपासून नातेवाईक फिरकले नव्हते, ताटातली पोळी तशीच होती, पाय दाबल्यावर खळगा पडत होता. जनावराची तब्येत लांबून ओळखणाऱ्या घरातल्या मुली आहेत या, त्यांना बघायला शिकवावं लागत नाही. आमची शिकवणारी ताई आता औषधांची आणि आजारांची नावं इंग्रजीत ठेवते आणि रुग्णावरची चर्चा मराठीत करू देते. परीक्षेसाठी नंतर इंग्रजीत लिहून काढायला लावते. वर्गात आवाज वाढला, पण शेजारच्या वर्गातून तक्रारही आली.

यावरून आठवलं, नर्सिंगच्या मुलींचा दीप प्रज्वलनाचा कार्यक्रम असतो, लॅम्प लायटिंग म्हणतात. पांढऱ्या गणवेशात हातात दिवा घेऊन, फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंचं नाव घेऊन शपथ घेतात. आईवडिलांच्या डोळ्यांत पाणी येतं. पण दिव्याइतकीच त्या बाईंची वही महत्त्वाची होती. १८५४ साली त्या क्रिमियाच्या युद्धात जखमी सैनिकांच्या दवाखान्यात गेल्या, आणि कोण कशाने मेलं याची मोजदाद केली. लढाईच्या जखमांपेक्षा पटकी, हगवण, टायफस अशा रोगांनी कितीतरी जास्त सैनिक मेले होते. ते आकडे त्यांनी चित्रं काढून सरकारपुढे ठेवले आणि दवाखान्यांच्या स्वच्छतेवरून मोठमोठ्या अधिकाऱ्यांशी वाद घातला. हा भाग दिव्याच्या कार्यक्रमात कोणी सांगत नाही.

लांब कशाला जायचं? आपल्या कल्याणच्या घराण्यातली मुलगी आनंदीबाई जोशी, माहेरची यमुना. लहान वयात लग्न झालं, मूल झालं, ते दहा दिवसांत गेलं. त्या काळी हे घरोघरी व्हायचं, बाया रडायच्या आणि कामाला लागायच्या. ही मुलगी ‘का गेलं’ इथे अडली आणि थेट अमेरिकेत जाऊन १८८६ साली डॉक्टर झाली. पुढच्याच वर्षी ती गेली, पुरती बावीस वर्षांचीही नव्हती. कल्याण स्टेशनवर रोज उतरणाऱ्या आमच्या मुलींना तिचं नाव माहीत असतं, तिने काय विचारलं होतं ते माहीत नसतं.

विचारू न देणारं दुसरं कारण मात्र कॉलेजात नाही, ते आपल्या घरात आहे. हे बोललेलं तुम्हाला आवडणार नाही कदाचित. मुलगी सात-आठ वर्षांची झाली की आपण तिला काय शिकवतो? मोठ्यांपुढे बोलू नये. बापाला उलट विचारू नये. सासरी गेल्यावर नाव काढशील आमचं. मग तीच मुलगी विसाव्या वर्षी वॉर्डात उभी असते. डॉक्टरांनी घाईत आठ किलोच्या बाळाच्या कागदावर पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम लिहिलेलं असतं. तापासाठी बाळाला किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम देतात, म्हणजे आठ किलोला जास्तीत जास्त १२०. हे तिला येतं. हिशोब तिने मनात केलेलाही असतो. पण ‘सर, एकदा बघता का?’ हे चार शब्द तिच्या तोंडातून निघत नाहीत. तेरा वर्षं गप्प बसायला शिकवलेल्या मुलीने त्या एका मिनिटात तोंड उघडायचं, अशी आपली अपेक्षा असते.

म्हणून काही शिक्षिका मुलींना बोलायची वाक्यंच शिकवतात, नाटकाच्या तालमीसारखी. एक मुलगी डॉक्टर होते, एक नर्स. ‘सर, बाळाचं वजन आठ किलो आहे, मला १२० मिलिग्रॅम येतंय, तुम्ही एकदा बघाल का?’ आवाज चढवायचा नाही, मान खाली घालायची नाही, आकडा आधी सांगायचा. बहुतेक डॉक्टर बघतात आणि आभारही मानतात. एखादा चिडतो. तेव्हा काय करायचं, तेही तालमीत येतं. ‘ठीक आहे सर, मी सिस्टर इनचार्जना विचारून येते,’ म्हणायचं आणि डोस थांबवायचा. ज्या मुली जी.एन.एम. करून चार-पाच वर्षं नोकरी करून पोस्ट बेसिकला येतात, त्यांना ही तालीम फारशी लागत नाही. त्या वर्गात सगळ्यात जास्त प्रश्न त्याच विचारतात, आणि नवीन शिक्षिकेला घामही फोडतात.

पॅरासिटामॉलचं निघालंच आहे तर घरचं एक सांगून टाकतो. मुलांच्या तापाचं पातळ औषध वेगवेगळ्या ताकदीचं मिळतं. एका बाटलीत पाच मिलीत १२० किंवा १२५ मिलिग्रॅम, दुसरीत तेवढ्याच पाच मिलीत २५०. बाटल्या दिसायला सारख्या. अगदी लहान बाळांचे थेंब तर याहून कडक असतात. शेजारणीने ‘मी एक चमचा देते’ सांगितलं म्हणून आपण आपल्या बाटलीतला एक चमचा देतो, आणि बाळाला दुप्पट औषध जातं. बाटलीवरचा आकडा वाचा, बाळाचं वजन सांगून दुकानदाराला किंवा नर्सबाईला विचारा, आणि औषधाबरोबर मिळणाऱ्या मापानेच द्या. पाखडायचं ते हेच.

आता प्रवेशाचं. कॉलेज बघायला जाल तेव्हा इमारतीला भुलू नका. काचेचा दरवाजा आणि मोठा फलक सगळीकडे असतो. आधी मान्यता बघा. राज्यात महाराष्ट्र परिचर्या परिषद आहे, शिकून झाल्यावर तिच्याकडे नोंदणी झाल्याशिवाय मुलगी नर्स म्हणून काम करू शकत नाही. ‘इथून शिकलेल्या मुलींची परिषदेकडे नोंदणी होते का?’ हा पहिला प्रश्न. कल्याण-उल्हासनगरकडे आणि तालुक्याच्या गावीसुद्धा सहा महिन्यांत, वर्षभरात नर्स करून देतो म्हणणारे वर्ग निघतात. रुग्णाची सेवा करायला मदतनीस म्हणून असे छोटे कोर्स असतात, ते काही वाईट नाहीत, पण मदतनीस म्हणजे नर्स नव्हे. त्या कागदावर ए.एन.एम.ची जागा मिळत नाही. पैसे भरल्यावर हे कळलेल्या आया आम्हाला भेटल्या आहेत. एकीने गटाचं कर्ज फेडलं, पण मुलीची दोन वर्षं तिला परत मिळाली नाहीत.

मग विचारा, मुली प्रत्यक्ष रुग्णांजवळ कुठे शिकतात? कॉलेजला स्वतःचा किंवा जोडलेला दवाखाना कोणता, तो किती खाटांचा, आणि त्यात खरंच रुग्ण असतात का? जमलं तर त्या दवाखान्यात जाऊन एक चक्कर मारा. खाटा रिकाम्या दिसल्या तर मुलगी कोणावर शिकणार? बाळंतपणाची, लहान मुलांची, मानसिक आजाराची पोस्टिंग कुठे असते तेही विचारा. गावात, आरोग्य केंद्रावर किती दिवस पाठवतात, ते विचारा. आणि शेवटच्या वर्षाच्या दोन मुली गाठा, मॅडमसमोर नव्हे, गेटबाहेर, चहाच्या टपरीवर. त्यांना विचारा, ‘तुम्ही वर्गात शेवटचा प्रश्न कधी विचारला होतात आणि मॅडम काय म्हणाल्या?’ पत्रिकेत जे छापलेलं नसतं, ते त्या उत्तरात कळतं.

बी.एस्सी. परवडत असेल, मुलीचं विज्ञान चांगलं असेल, तर बी.एस्सी.लाच घाला, असं आमच्यातल्या तिघी म्हणतात. पुढे शिक्षिका, अधिकारी, परदेश, सगळ्या वाटा मोकळ्या राहतात. चौथी म्हणते, आमच्या पाड्यांवर पदवीवाल्या येऊन किती राहतात ते आधी बघा, आणि मग ए.एन.एम.च्या मुलींना कमी लेखा. हे भांडण मिटलेलं नाही. परवडत नसेल तर जी.एन.एम. करून पोस्ट बेसिकची वाट आहेच.

आणि मुलगी सुट्टीला घरी आली की तिला कामाला लावायच्या आधी अर्धा तास बसवून घ्या. तिने त्या आठवड्यात वॉर्डात काय पाहिलं ते सांगू द्या. रुग्णाचं नाव विचारू नका, ते तिने सांगायचं नसतं. ती सांगत असताना अधूनमधून विचारा, ‘मग असं का झालं?’ तिला उत्तर येत नसेल तर तशीच जाऊ द्या. सोमवारी ती मॅडमना विचारील.

पुढच्या वेळी आम्ही रक्तदाब मोजायचं यंत्र घेऊन येणार आहोत, हाताचा पट्टा चुकीचा बांधला की आकडा कसा फसवतो त्यावर बोलू. तुमच्या गटात कोणाकडे तसं यंत्र असेल तर ते, आणि त्यावर लिहून ठेवलेले आकडे, दोन्ही जवळ घेऊन बसा. नमस्कार.